नऊ नंबरची केळ

१० जानेवारी, सोमवार

आज एक गोष्ट झाली. मोठी नाही. रजिस्टरात लिहिली नाही म्हणून इथे लिहिते.

सकाळी वाढीच्या खोलीतून एक ट्रे आणला. वीस बाटल्या. दहा नऊ नंबरच्या, दहा शून्याच्या. नऊ म्हणजे रानटी केळीतलं जनुक घातलेली रोपं. शून्य म्हणजे तीच केळ, तशाच बाटल्या, तेच जेलीसारखं माध्यम, फक्त जनुक नाही. नऊची तुलना कशाशी तरी करावी लागते, म्हणून शून्य.

बाटली लॅमिनार कपाटाच्या स्वच्छ वाऱ्यात नेण्याआधी स्पिरिटनं पुसायची. तेरा वर्षं पुसते आहे. आज घाई होती, सगळ्या ट्रेवर एकदम फवारा मारला. शुक्रवारी नंबर घालताना माझा मार्कर सापडला नव्हता, ऑफिसातला उचलला होता. तो साधा निघाला. ट्रेच्या तळाशी निळं पाणी साचलं आणि वीसच्या वीस बाटल्या कोऱ्या झाल्या.

दोन्ही रोपं डोळ्यांना सारखीच. चार पानं, पांढरी मुळं. पण शुक्रवारी मी नऊ डावीकडे ठेवले होते, शून्य उजवीकडे, हे पक्कं आठवतं. दर सोमवारी बाटल्या धुणाऱ्या मावशी सगळे ट्रे उलटे फिरवून ठेवतात, सगळ्यांना सारखा उजेड मिळावा म्हणून. मावशी आज रजेवर आहेत. म्हणजे ट्रे फिरलेला नाही. म्हणजे डावीकडचे नऊ.

माझा मार्कर फ्रिजच्या मागे सापडला. नंबर पुन्हा घातले. मॅडमना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

११ जानेवारी

मावशी आल्या. नातीचा कान दुखत होता म्हणे, सोमवारचा सगळा दिवस दवाखान्यात गेला. नात कशी आहे ते विचारलं. दुसरं काही विचारायचं होतं, पण त्या बाटल्यांचा टब भरत होत्या, राहून गेलं.

७ मार्च

रोपं बाटलीतून काढून मातीच्या कपात लावली. जाळीघरात ठेवली. दहा वर्षांत अकरा नंबर झाले, त्यांतले मुळं धरून बाहेर आलेले तीन: चार, सात आणि नऊ. शिवाय शून्य. लावण्याआधी प्रत्येकाच्या आणखी बाटल्या करून ठेवल्या.

नियमाप्रमाणे या टप्प्यावर जनुक आहे का ते पुन्हा तपासायचं असतं. मॅडमना विचारलं, पानं घेऊ का? मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. त्या चष्मा डोक्यावर सरकवून काहीतरी शोधत होत्या. म्हणाल्या, "अगं, बाटलीत असताना तपासलंय की. फाइलला आहे. केमिकल संपत आलंय, उगाच कशाला?"

मला हलकं वाटलं. घरी येऊन भांडी घासताना लक्षात आलं की हलकं का वाटावं याला काही कारण नाही.

२५ एप्रिल

चाचणीच्या तुकड्यात लागवड केली. ही माती मुद्दाम आजारी ठेवलेली आहे. मर रोगाची बुरशी मातीत असते, मुळातून बुंध्यात चढते आणि आतून पाण्याची वाट बंद करते. औषध नाही. एकदा माती बिघडली की तीस वर्षं तिथे ही केळ उभी राहत नाही. अशा मातीत जी तगेल ती खरी.

दुहेरी कुंपण, दोन फाटकं. आतले बूट आत, बाहेरचे बाहेर. पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे. पान, माती, मुनवा, काहीही बाहेर न्यायचं नाही. केळीच्या बुडाशी जे पिल्लू फुटतं तो मुनवा. तोसुद्धा मोजून, नोंदवून जाळायचा. आणि जो या तुकड्यात काम करतो त्यानं दुसऱ्या कुठल्या केळीच्या बागेत पाय ठेवायचा नाही. त्या कागदावर सही केली.

सही केल्यावर दादाला फोन केला. दादाची सहा एकर केळी आहे, वडिलांपासूनची.

"म्हणजे तू आता घरी येणारच नाहीस?"

"घरी येईन. बागेत नाही."

"आमचं घर बागेतच आहे, तायडे."

हे खरंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग आम्ही येऊ भेटायला," दादा म्हणाला. "जेलला भेटायला जातात तसं. किती वाजता सोडतात?"

२६ जून

दादाचा फोन. आवाजात थट्टा नव्हती. विहिरीकडच्या ओळीत एक झाड, खालची दोन पानं पिवळी, काठाकडून.

म्हटलं, पाणी कमी पडलं असेल.

"पाणी मी देतो. मला सांगू नकोस."

"बुंधा चिरलाय का?"

"बुडाला. उभी चीर."

"कापून बघ."

तो मोबाइल कुठेतरी ठेवून गेला. कोयता दोनदा लागल्याचा आवाज आला. शेजारून वहिनी बोलत होती, काय ते कळलं नाही.

"दादा? आत पांढरं आहे का?"

"नाही."

"कसं आहे?"

"चहाच्या गाळणीसारखं," तो म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. झाड जागेवर जाळ. कोयता जाळावर धर. त्या ओळीत कुणाला जाऊ देऊ नकोस, बूट वेगळे ठेव. मी पाठ असल्यासारखी बोलत होते. पाठच आहे.

"तुम्ही लोक काढताय ना काहीतरी?" त्यानं विचारलं.

"काढतोय."

१९ ऑगस्ट

चार नंबरची आठ झाडं पडली. सातची सहा. शून्याची दहापैकी दहा, तसं होणारच होतं. नऊच्या दहाही उभ्या आहेत. खालचं पानसुद्धा हिरवं.

मॅडम दोन्ही फाटकं ओलांडून स्वतः आल्या. बुटांचा नंबर मोठा होता, फटक फटक वाजत होते. नऊच्या पहिल्या झाडापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी बुंध्यावर तळवा टेकवला. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दहा वर्षं गं."

मला भरून आलं.

२ सप्टेंबर

दादा आणि वहिनी केंद्राच्या फाटकावर आले. पाहुण्यांच्या खोलीत बसवलं. विहिरीकडच्या तीन ओळी गेल्या आहेत. त्याला नऊबद्दल कुणीतरी सांगितलं, बहुधा मीच फोनवर.

"एक मुनवा," दादा म्हणाला. "एकच. पिशवीत काय, खिशात मावेल."

"दादा, गुन्हा आहे तो. आधी परवानगी, मग दुसरी चाचणी, मग तिसरी. सहासात वर्षं तरी."

"रोगाला सांगून येतो. म्हणतो, थांब बाबा, आमच्या ताईची तिसरी चाचणी व्हायची आहे."

वहिनी म्हणाली, "वन्सं, त्यांचं मनावर घेऊ नका." पण तीही माझ्याकडे बघत राहिली, आता तरी मी काही बोलेन म्हणून.

जाताना दादानं विचारलं, त्यात असं काय घातलंय तुम्ही, की बाहेर काढायला एवढं भ्यायचं? म्हटलं, दुसऱ्या केळीतलंच एक जनुक. "मग केळीतलं केळीत," तो म्हणाला. "त्यात काय?"

६ ऑक्टोबर

पुढच्या महिन्यात परवानगी देणारी समिती येणार. त्यांच्या फाइलसाठी सगळ्या नंबरांची जनुक चाचणी नव्यानं करायची. पानं घेऊन, वाटून रात्रभर ठेवण्याचं काम काल झालं होतं. आज पट्ट्या बघितल्या. जनुक असेल तर दिव्याखाली उजळ पट्टी दिसते, नसेल तर काळोख.

चार: पट्टी. सात: पट्टी. शून्य, मेलेल्या झाडांच्या ठेवलेल्या पानांतून: पट्टी.

नऊ: काही नाही.

७ ऑक्टोबर

पुन्हा केली. तेच.

१० ऑक्टोबर

तिसऱ्यांदा केली. प्रत्येक झाडाचं वेगळं पान. नऊच्या दहाही काळ्या.

मावशी मोरीवर बाटल्या घासत होत्या. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"मावशी, जानेवारीत नातीचा कान दुखत होता तेव्हा तुमची रजा झाली होती."

"हां. फार रडली पोर."

"त्या सोमवारी ट्रे फिरवायचे राहिले असतील."

"राहतील कसे?" त्यांनी ब्रश थांबवला. "शनिवारीच फिरवून गेले होते ना मी. सोमवारी येणं होत नाही असं दिसत होतं. रोपांना काय माहीत, माझी रजा आहे म्हणून?"

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं ताई? बसा जरा."

बसले नाही. वाढीच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. तिथे नेहमी पंचवीस अंश असतं, दिवे सोळा तास. खिडकी नाही. घड्याळ बघितलं नाही तर बाहेर काय चाललंय ते कळत नाही.

नऊ म्हणून जी उभी आहे ती शून्य आहे. शून्य म्हणून जी मेली ती नऊ.

११ ऑक्टोबर

रजा टाकली. दिवसभर घरात. नवऱ्याला सांगितलं, डोकं दुखतंय. त्यानं पोस्टातून दोनदा फोन केला.

दहा वर्षांचं काम मी एका फवाऱ्यानं बुडवलं.

१२ ऑक्टोबर

कालचं वाक्य वाचलं. ते तसं नाहीच. मी नंबर चुकवले नसते तरी जनुकवाली मेलीच असती. चार मेली, सात मेली, त्यांतली उरलेलीही पिवळी पडली आहेत. नऊ मेली. जनुक काहीच करत नाही. ते माझ्यामुळे नाही.

पण मग साधी का उभी आहे? बाटलीत वर्षानुवर्षं वाढवलं की हजारात एखादं रोप आपोआप बदलतं. बहुतेक बिघडतं: पान आखूड, बुंधा वाकडा. आम्ही असली रोपं दिसली की काढून टाकतो. त्या शून्याच्या दहा बाटल्या मी एकाच गड्ड्यापासून केल्या होत्या. तो गड्डा कधीतरी बदलला असावा, आणि बाहेरून काही दिसलं नाही म्हणून वाचला. ती कुणी केलेली नाही. ती झाली.

१३ ऑक्टोबर

मॅडमना सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, त्यांनी बस म्हटलं तरी. मार्कर, फवारा, मावशींची रजा, तीन चाचण्या.

त्यांनी पट्ट्यांचे तिन्ही फोटो खिडकीशी नेऊन बघितले. परत येऊन बसल्या. शिपायाला दोन चहा आणायला सांगितले.

"कुणाला बोललीस?"

"कुणाला नाही."

"नवऱ्याला?"

"नाही मॅडम."

"मावशींना?"

"त्यांना काही कळलेलं नाही."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मग आपल्या दोघींतच राहू दे. चूक तुझी आहे, नोकरी जाईल तुझी. तेरा वर्षं झाली तुला. मी नाही होऊ देणार तसं."

मी रडले. मी निघाले होते ओरडा खायला.

जरा वेळानं धीर करून म्हटलं, "मॅडम, पण मग ती साधी केळ आहे. तिला परवानगी लागत नाही. ती तर उद्यासुद्धा कुणाला लावता येईल." बोलता बोलताच मला ते कळत होतं. दादाची अजून चार एकर उभी आहे.

"एका चाचणीवर?" मॅडम म्हणाल्या. "दहा झाडं. उद्या दुसऱ्या मातीत पडली तर? लोकांना काय सांगणार आहेस, आमच्या हातून फवारा जास्त बसला, आणि ही घ्या केळ?" मग वेगळ्याच आवाजात, "आणि दहा वर्षं मी काय करत होते, तेही सांगणार?"

म्हटलं, नाही.

"चहा पी. गार होतोय."

१५ नोव्हेंबर

समिती आली. पाच जण. बूट सगळ्यांना पुरले नाहीत, दोघांनी पायाला पिशव्या बांधल्या. नऊच्या ओळीसमोर फोटो काढले.

चाचणी त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवायची होती. आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, पानं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांतून घे, शेतातली धुळीची असतात. शून्य असं लिहिलेल्या बाटल्या आमच्याकडे अजून आहेत, म्हणजे खरी नऊ. त्यांतलं पान घेतलं. नळीवर नऊ लिहिलं. माझ्या चांगल्या मार्करनं.

पट्टी उजळ आली. एक गृहस्थ म्हणाले, "वा, सुरेख." खरंच सुरेख होती.

नमुना घेणारा, चाचणी करणारा, पडताळणारा, तिन्ही रकान्यांत माझी सही. मॅडम म्हणाल्या, "तुझं नाव पुढे यायला हवं आता. किती दिवस माझ्या मागे उभी राहणार?"

घरी नवऱ्याला कागदाची प्रत दाखवली. त्यानं पोस्टात पावती बघावी तशी वरून खालपर्यंत बघितली.

"मॅडमची सही कुठे आहे?"

"त्या कशाला करतील? नमुना मी घेतला."

"हं," तो म्हणाला आणि कागद घडीवरच परत दुमडून दिला. त्याला कौतुक करता येत नाही.

५ डिसेंबर

चाचणी संपली. नियमाप्रमाणे तुकड्यातलं सगळं नष्ट करायचं. नऊच्या दहा झाडांवर कोयता मी धरला, मजुरांना आत सोडायचं नव्हतं. बुंधे आतून पांढरे. ओले, घट्ट, कापल्यावर पाणी टपकत होतं. शेवटच्या झाडाच्या बुडाशी तीन मुनवे होते. तेही मोजले. खड्ड्यात टाकले.

संध्याकाळी दादाचा फोन. त्यानंही परवापासून काढायला घेतली आहे, उरलेली सगळी. ट्रॅक्टर लावलाय. म्हणाला, "तू नव्हतीस ते बरं झालं."

१२ डिसेंबर, सोमवार

मॅडमनी आज नीट समजावून सांगितलं. पुढच्या चाचण्यांसाठी नऊ नंबर जनुकवालाच असला पाहिजे. म्हणून शून्य लिहिलेल्या बाटल्यांवर आता नऊ लिहायचं. आणि नऊ लिहिलेल्या चाळीस बाटल्या ऑटोक्लेव्हला टाकायच्या. "घोळ तुझ्या हातून झाला, तुझ्याच हातानं मिटू दे. मनावरचं ओझं जाईल."

"पुढच्या चाचणीत ती मरेल, मॅडम."

"पुढची चाचणी दोन वर्षांनी. माती वेगळी, हवा वेगळी. शंभर कारणं असतात."

दोन वर्षांनी त्या निवृत्त होतात. तेव्हा हे सगळं मला एकटीनं निस्तरावं लागेल याचं त्यांना वाईट वाटत असणार.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. आतलं काही जिवंत राहत नाही. टोपलीत बाटल्या रचल्या. चाळीस मावत नव्हत्या, दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेत एकोणीस रचल्या.

विसावी हातात राहिली. तिच्यावरचा नऊ स्पिरिटनं पुसला, वेळ लागला, चांगली शाई आहे. शून्य लिहिलं. ते तिचं खरं नाव. मागच्या मांडणीवर, खालच्या फळीत, पाइपाच्या आड ठेवली.

रजिस्टरात चाळीस लिहिले.

१३ डिसेंबर

ती दादाला द्यावी असं डोक्यात येतं. पण कागदावर ती परवानगी नसलेली केळ आहे. शून्यसुद्धा बाहेर जात नाही. पकडलं तर दादा अडकेल. ती साधी आहे हे दाखवायचं तर नंबर कसे बदलले ते सांगावं लागेल, समितीसमोर कुठलं पान घेतलं तेही, आणि तिथे तिन्ही सह्या माझ्या. मॅडमनी माझ्यासाठी एवढं केलं, त्यांनाही ओढायचं?

मॅडम निवृत्त झाल्या की सांगेन. तोवर ती जगली पाहिजे, एवढंच. तेवढं मला येतं.

९ जानेवारी

बाटलीतलं माध्यम चार आठवडे पुरतं. मग रोप काढून, गड्डा वेगळा करून, नव्या बाटलीत लावायचं. उशीर झाला तर काळं पडतं. आज लावलं. एकाची तीन झाली. तीन ठेवायला तिथे पाइपाआड जागा नाही, कुणी बघेल. एक ठेवली. दोन टाकल्या.

१८ जानेवारी

नवऱ्याची बदली झाली. समुद्राकाठचं गाव, क्वार्टर मिळेल, मागे अंगण आहे म्हणे. त्याला फार आनंद झाला होता, दारातूनच बोलायला लागला. म्हणाला, तिकडेही एक टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा आहे, चौकशी केली.

म्हटलं, इतक्यात नाही जमणार.

"कधी जमेल?"

"इथलं काम अडकेल."

"तुझ्यावाचून?" तो म्हणाला. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

३१ जानेवारी

मावशी निवृत्त झाल्या. हार घातला. जाताना मला म्हणाल्या, "सोमवार विसरू नका बरं का. कुणी सांगणारं नाही आता."

६ फेब्रुवारी

तीन झाली. दोन टाकल्या.

नवरा काल गेला. दर पंधरा दिवसांनी येईन म्हणाला.

२० फेब्रुवारी

मॅडमनी आपणहून विचारलं, तुझ्या भावाचं काय चाललंय? म्हटलं, जमीन मोकळीच आहे. दुसरं काही लावायला त्याचा हात वळत नाही. त्या म्हणाल्या, "मावशींची जागा आहे. आपल्याच घरातला माणूस असलेला बरा."

मला नाही म्हणवेना. इतका विचार कोण करतं?

६ मार्च

दादा आज रुजू झाला. निळा कोट त्याला खांद्यात तंग होतो. पहिल्याच दिवशी सहा बाटल्या फोडल्या.

"नांगर दे म्हटलं तर देतात चमचे," म्हणाला. "पण सावली आहे. तुझी वहिनी म्हणते, रंग उजळेल."

दुपारी तीन झाली. दोन टाकल्या.

३ एप्रिल

तीन. दोन.

१७ एप्रिल

नवरा आला नाही. या महिन्यात दोनदा आला नाही. फोनवर म्हणाला, अंगणात काहीतरी लावीन म्हणतो, तू सांग काय लावू. मी म्हटलं, तिथली माती बघितल्याशिवाय कसं सांगू?

"मग ये, बघ," तो म्हणाला.

कॅलेंडर बघितलं. जाऊन यायला चार दिवस. चार आठवड्यांत चार दिवस निघतात, तसं अशक्य नाही. पण एखाद्या वेळी वीज गेली, खोली तापली, तर कोण बघणार?

२९ मे, सोमवार

आज तीन झाली. एक पाइपाआड ठेवली, दोन बुरशी लागलेल्या बाटल्यांबरोबर टोपलीत टाकून ऑटोक्लेव्ह लावला. जेवणानंतर टोपली थंड झाल्यावर मोरीवर नेली. दादा बाह्या वर करून बसला होता. आता बाटल्या फुटत नाहीत त्याच्याकडून.

"तायडे, एक विचारू?"

"विचार."

"या टाकलेल्या बाटल्यांत बुरशी असते. काळी, पांढरी, केसाळ. ते कळतं मला. पण दर चौथ्या सोमवारी दोन बाटल्या येतात, त्यांत काहीच नसतं. स्वच्छ." त्यानं त्यांतली एक उचलली. शिजून रोप तपकिरी झालं होतं, पण उभं होतं. "शिजलं तरी दिसतंच. मूळ बघ केवढं आहे. बुंधा बघ. असलं रोप मी चाळीस वर्षांत हातात धरलं नाही. का टाकता?"

नळ चालू होता.

"जागा नसते," मी म्हटलं.

दादा मोठ्यानं हसला. "मग आधी नाही सांगायचं? सहा एकर मोकळं पडलंय की."

मी म्हटलं, काठाला आतून माध्यम चिकटून राहतं, तिथे ब्रश नीट फिरव.

"बरं बाई," तो म्हणाला. बाटली उलटी करून त्यानं बोटानं मुळं सोडवली, हलक्या हातानं, तुटू नयेत तशी, आणि रोप नळाखाली धरलं. ते त्याच्या तळव्यावर विरघळत गेलं. बुंधा मोरीच्या जाळीत अडकला. तो उचलून त्यानं बादलीत टाकला आणि दुसरी बाटली घेतली.